चौथी सोंगटी

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. ग्वांगजूहून बस सुटली तेव्हा दाट धुकं होतं, इथे उतरले तर लख्ख ऊन. ओहोटीची वेळ होती. बसथांब्यावरून समुद्र दिसतच नव्हता. दिसत होतं ते फक्त खाजण, डोळा पोचेल तिथवर राखाडी आणि ओलं, आणि त्यावर शिंपल्या गोळा करणाऱ्या बायका. प्रत्येकीजवळ एक लांब फळी. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसरा पाय मागच्या रेंद्यात रोवून रेटा द्यायचा, की फळी साईवरून बोट फिरावं तशी पुढे सरकते. दोन्ही हातांत बॅगा धरून मी बघतच राहिले.

त्यांतलीच एक माझी घरमालकीण निघाली, दोक्सून मावशी. साठीच्या आसपासच्या, आवाज वाऱ्यावर मात करायला सरावलेला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून शेजारणीला म्हणाल्या, की ही आपली नवी डॉक्टरीण, बॅगा जड होत्या म्हणून पोचली, नाहीतर वाऱ्यानं परत नेली असती. मग दोन्हींतली जड बॅग त्यांनीच उचलली.

खोली लहान पण स्वच्छ. जमिनीखालून ऊब येते, तळव्यांना बरं वाटतं. जेवायला उकडलेल्या शिंपल्या आणि मुळ्याची आंबवलेली किमची. शिंपली मी पुढून उघडायला गेले तर मावशी म्हणाल्या, अगं, दार काय ठोठावतेस, बिजागरीच काढ. चमचा मागच्या सांध्यात घालून पिळायचा. टचकन उघडते.

मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील दीपगृहावर, बेटावर आमचं एकच घर. अक्षरं वडिलांनी शिकवली, हिशेब आईनं. दीपगृहाच्या नोंदी लिहिताना वडील म्हणायचे, की पाहिलंस ते एका ओळीत लिही आणि वाटलं ते दुसऱ्या; दोन्ही एका ओळीत आलं की जहाज फुटतं. रोजनिशी मी त्याच रीतीनं लिहीत आले.

पाहिलं: ऊन, खाजण, बोलकी घरमालकीण.

वाटलं: इथे मला जमेल.

६ नोव्हेंबर, बुधवार

आमचा पॅथॉलॉजी विभाग रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी खाजणाकडे. विभाग म्हणजे माझ्यासकट तिघंच. प्रमुख मेंग सर, निवृत्तीला टेकलेले, चष्मा कपाळावर असताना तो टेबलावर शोधणारे. आणि प्यो मॅडम, माझ्याहून पुष्कळ मोठ्या, जिभेला धार. माझी ओळख करून घेताना म्हणाल्या, की या गावात आजारी पडायला लोकांना सवड नसते, आजारच बिचारा रांगेत उभा राहून कंटाळतो.

खोलीच्या मधोमध मोठा मायक्रोस्कोप आहे, पाच जणांना एकाच वेळी एकच स्लाइड बघता येईल असा. चहूबाजूंना डोळे लावायच्या नळ्या. मधल्या जागी सर बसतात. त्यांच्या हाताशी एक खुंटी आहे, ती फिरवली की सगळ्यांना दिसणारा एक हिरवा बाण स्लाइडवर हलतो, बोट दाखवावं तसा.

सरांच्या उजवीकडची खुर्ची मोकळी होती म्हणून मी तिकडे वळले. मॅडमनी माझं कोपर धरून मला अलगद पलीकडे नेलं. म्हणाल्या, त्या खुर्चीचं चाक निखळतं.

पाहिलं: सगळी चाकं घट्ट आहेत.

वाटलं: नव्या माणसानं जागा विचारून बसावं, हेच खरं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारची दुपार अवघड स्लाइडसाठी राखलेली. अवघड म्हणजे बहुतेक कातडीच्याच. आपल्या कोरियन लोकांना मेलानोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग, होतो तो तळपायावर नाहीतर नखाखाली. साधा तीळ की मेलानोमा, हे एरवी एका नजरेत कळतं. पण काही स्लाइड अशा येतात, की दोन जाणकार शेजारी बसून बघतात, एक म्हणतो काही नाही, दुसरा म्हणतो कर्करोग, आणि दोघंही प्रामाणिक असतात. पेशींच्या कपाळावर नाव लिहिलेलं नसतं.

अशा वेळी काय होतं ते ग्वांगजूत मी पुरेपूर पाहिलं आहे. सर्वांत ज्येष्ठ माणूस आधी बोलतो, आणि मग सगळ्यांना तेच दिसू लागतं. तसं होऊ नये म्हणून मेंग सरांनी इथे एक पद्धत घातली आहे. मला ती फार आवडली. बादुक या पटावरच्या खेळातल्या सोंगट्या घ्यायच्या, पांढरी म्हणजे साधा तीळ, काळी म्हणजे मेलानोमा. प्रत्येकाच्या एका मुठीत काळी, दुसऱ्या मुठीत पांढरी. चहाचा एक जुना पत्र्याचा डबा फिरतो, त्याच्या झाकणाला हात जाईल एवढं भोक. हवी ती आत सोडायची, उरलेली झाकलेल्या वाडग्यात परत टाकायची. कोणी काय टाकलं हे कोणी विचारायचं नाही. समसमान पडल्या तर काळं धरायचं, कारण चुकायचंच असेल तर सावध बाजूला चुकावं.

डबा फिरवण्याचं काम सर्वांत लहानाचं, म्हणजे माझं. मॅडमनी क्रम समजावून दिला: आधी रिकाम्या खुर्चीपुढे क्षणभर ठेवायचा, मग सर, मग त्या, शेवटी मी. का, ते विचारलं नाही. काही रीत असेल.

एका कोळ्याच्या टाचेची स्लाइड होती. मी पांढरी टाकली. डबा पटावर पालथा केला तर चार सोंगट्या. तीन पांढऱ्या, एक काळी.

माझ्याच हातून दोन पडल्या असणार म्हणून मी घाईघाईनं माफी मागितली. सरांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि साधा तीळ असा शेरा लिहायला सांगितला. माझ्या हातून दोन्ही पांढऱ्याच पडल्या का? की एक काळी? आठवून आठवून डोकं दुखलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत होत्या. त्यांच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, चवळीच्या दाण्याएवढा काळसर डाग दिसला. एक कड पुसट. मी विचारलं कधीपासून आहे. म्हणाल्या, स्वतःचे तळवे बघायला मी काय तान्हं बाळ आहे? जन्म चिखलात गेला, थोडा आत शिरला असेल. मी ओल्या फडक्यानं घासून पाहिलं, तर पाय ओढून घेत म्हणाल्या, गुदगुल्या करायला शिकवतात वाटतं तुमच्या कॉलेजात.

डाग गेला नाही. हाच त्यांचा फळी रेटायचा पाय.

त्वचेच्या डॉक्टरांकडे यायला कशाबशा तयार झाल्या. अट एकच: भरतीच्या वेळी. ओहोटीला त्यांना मरायलाही फुरसत नसते म्हणे.

वाटलं: मी बघितलं नसतं तर बरं झालं असतं. नाही, हे चूक आहे. बघितलं तेच बरं झालं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी फार जपून होते. डबा रिकामा आहे हे आत बोटं फिरवून पाहिलं. मग रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि हात मागे घेतला.

टक्.

पत्र्यावर सोंगटी पडल्याचा आवाज. मेंग सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडम आपली नखं बघत होत्या. मी डबा उचलला आणि पुढे नेला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. शेवटी चार निघाल्या.

चहाच्या सुट्टीत मॅडम मला गच्चीवर घेऊन गेल्या. दोन संत्री आणली होती. सोलता सोलता बोलल्या, माझ्याकडे न बघता.

ती खुर्ची गुक सरांची, मेंग सरांच्या आधीच्या प्रमुखांची. तेव्हा डबा नव्हता. गुक सर बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. एकदा एका बस चालवणाऱ्या मुलीच्या टाचेचा तीळ आला. मेंग सरांना तो वाईट दिसला, मॅडमनाही. गुक सर म्हणाले, साधा आहे. दोघांनी माना डोलावल्या. मुलगी दोन वर्षांत गेली. मॅडम म्हणाल्या, त्यांची जीभ चुकली असेल, पण तिला मारलं ते आमच्या मानांनी.

त्यानंतर गुक सर जुन्या स्लाइड बाहेर काढून पुन्हा पुन्हा बघत बसायचे. प्रत्येकीत त्यांना मेलानोमाच दिसायचा. एका दुपारी नळ्यांना डोळे लावलेले असतानाच गेले. बराच वेळ कोणाला कळलं नाही. त्यांना मधेच हाक मारायची कोणाची छाती नव्हती.

मग मेंग सरांनी डबा आणला, यापुढे कोणी कोणाच्या वयाकडे बघून मत देऊ नये म्हणून. आणि पहिल्याच शुक्रवारी, श्राद्धात मृताच्या नावानं आधी पेला ठेवावा, तसा त्यांनी डबा आधी गुक सरांच्या खुर्चीपुढे ठेवला. निव्वळ आदरानं. मॅडम म्हणाल्या, पान मांडलं की पाहुणा येतो, बाई, आणि थोरल्याला आता ऊठ म्हणायचं कोणी? शिवाय तेव्हा आम्ही दोघंच होतो. दोघांचं जमलं नाही की तिसरी सोंगटी कामाला यायची. सवय झाली.

मी विचारलं, ती नेहमी काळीच असते का.

मॅडमनी सालं खिशात कोंबली. म्हणाल्या, चल, सर वाट बघत असतील.

२० नोव्हेंबर, बुधवार

मावशींच्या डागाचा तुकडा काढला होता, त्याची स्लाइड आली. नावावर कागद चिकटवून पाहिली, म्हणजे नजर कलायला नको.

पाहिलं: बहुतेक पेशी तळच्या थरात, घोळके करून, एकसारख्या. काही वर चढलेल्या. तळव्याच्या साध्या तिळातही काही वर चढतात, नवशिके तिथेच फसतात. एका कडेला थोड्या मोठ्या. दुभंगणारी पेशी एकही दिसली नाही.

वाटलं: साधा तीळ. छाती ठोकून नाही, पण साधा.

सर्जन यॉम यांनी मावशींना स्पष्ट सांगून ठेवलं आहे. मेलानोमा निघाला तर अंगठा आणि त्यामागचा पायाचा पुढचा भाग जाईल. चालता येईल, फळी रेटता येणार नाही. मावशी त्यांना म्हणाल्या, की मग मला फळीवर बसवून ढकलणार कोण, मी काय नवी नवरी आहे? सर्जन हसले. मावशी हसल्या नाहीत.

आणि मेलानोमा असून मी साधा म्हटलं, तर पाय राहील आणि मावशी जातील. दोन्ही बाजूंना मावशीच आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मी आधीच सरांना सांगितलं, की रुग्ण माझी घरमालकीण आहे, मला या मतातून वगळा. सर म्हणाले, डॉक्टर बान, एवढ्याशा गावात प्रत्येक रुग्ण कोणाची तरी मावशी असते. सगळ्यांना वगळलं तर मत द्यायला कोण, ती खिडकी? मग म्हणाले, जे दिसतं ते टाका.

मी पांढरी टाकली. दोन पांढऱ्या आल्या, दोन काळ्या.

समसमान. म्हणजे काळं.

मी उठून उभी राहिले. म्हणाले, आम्ही तिघं आहोत, तिघांत समसमान होऊच शकत नाही. मॅडमनी बाहेर आल्यावर कबूल केलं, की एक काळी त्यांची. वर चढलेल्या पेशी त्यांना आवडल्या नाहीत. ठीक आहे, तो त्यांचा प्रामाणिक डोळा. पण दुसरी काळी कोणाची? जो माणूस कोणत्याही स्लाइडला काळीच टाकतो, तो स्लाइड बघत नाही. तो फक्त घाबरलेला आहे.

सरांनी एवढं मानलं, की त्याच तुकड्याचे आणखी खोलवरचे काप काढावेत आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मत घ्यावं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सरांची परवानगी घेऊन एक स्लाइड ग्वांगजूला, मला शिकवणाऱ्या जुन्या मॅडमकडे पाठवली होती. आज त्यांचा फोन आला. त्यांनी पाहिली, त्यांच्या सहकाऱ्यानं पाहिली. त्या म्हणतात साधा, तो म्हणतो मेलानोमा. मग म्हणाल्या, खरं सांगू का, हीच स्लाइड सहा महिन्यांनी नाव पुसून माझ्यापुढे ठेवलीस तर मी उलट सांगेन कदाचित. दुसऱ्याशी भांडायचं नंतर, पोरी, आधी आपलं आपल्याशीच जमत नाही.

आज दुपारी मोठ्या मायक्रोस्कोपपाशी बसले तर सगळं दुहेरी दिसलं. माझ्या नळ्यांमधलं अंतर कोणीतरी वाढवलं होतं. दूरदूर डोळे असलेल्या रुंद चेहऱ्याच्या माणसासाठी लावतात तसं. सर आणि मॅडम दोघंही अरुंद चेहऱ्याचे आहेत.

नळ्यांची रबरं कोमट होती.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नव्या कापांत कडेच्या मोठ्या पेशीही नाहीत. आता मला अजिबात शंका नाही. साधा तीळ.

डबा माझ्या हातात होता. मी तो गुक सरांच्या खुर्चीपुढे ठेवला नाही. सरळ मेंग सरांकडे नेला. सरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. वडीलधाऱ्यांचं पान ओलांडून वाढावं तसं मी केलं होतं. मला ते कळत होतं. पण डबा मी मागे घेतला नाही. सरांनी सोंगटी टाकली. मग मॅडमनी. मग मी.

पालथा केला. तीनच निघाल्या. मला हायसं वाटलं — आणि मग मी रंग पाहिला.

तिन्ही काळ्या.

मी पांढरी टाकली होती. उजव्या मुठीतली, पांढरी. उरलेली वाडग्यात टाकायचं आज कोणाला सुचलं नव्हतं. उजवी मूठ उघडली. पांढरी सोंगटी तळहातावर तशीच होती.

समोर मेंग सरांनी आपला हात टेबलाखाली नेला.

सर म्हणाले, एकमतानं मेलानोमा. अहवाल नेहमीप्रमाणे सर्वांत लहानानं लिहायचा, सहीसकट. मी लिहिला. लिहिताना माझा हात अजिबात थरथरला नाही.

शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी सकाळी.

३० नोव्हेंबर, शनिवार

मी त्यांना त्यांची खुर्ची नाकारली. म्हणून त्यांनी आमच्या घेतल्या.

दिवसभर हेच वाक्य डोक्यात. हे पाहिलं नाही, वाटलं. पण आता ही ओळ कुठे लिहायची ते कळत नाही —

स्लाइड पुन्हा लावली. कालच्या शांत पेशी आज शांत नव्हत्या. घोळके सुटलेले. केंद्रकं फुगलेली. मी डोळे मिटले, मावशींच्या अंगणातली किमचीची हंडी आठवली, पुन्हा उघडले. आधी साधा तीळ. मग हिरवा बाण आला. सर सुट्टीवर होते, मधली खुर्ची रिकामी होती. बाण संथपणे एका पेशीवरून दुसरीवर गेला. जिच्यावर जाई ती वाईट दिसू लागे.

ते चुकत नसतील तर? एकदा चुकले म्हणून आता त्यांना खरं दिसत असेल तर?

२ डिसेंबर, सोमवार

आज मावशींना सगळं सांगायचं ठरवलं. शस्त्रक्रिया पुढे ढकला, सोलच्या मोठ्या रुग्णालयात चला, मी सोबत येते.

त्या फळी धुऊन भिंतीला उभी करून ठेवत होत्या. शेजारीण फुकटात मागत होती म्हणे. मावशी तिला म्हणाल्या, मेले की घेऊन जा, अंगठा गेल्यावर नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, अगं, तू परवा जे बोललीस त्यानं मात्र झोप उडाली माझी.

मी विचारलं, काय बोलले.

त्या म्हणाल्या, जेवताना. चमचा खाली ठेवून एकदम म्हणालीस, की मावशी, अंगठ्यावर थांबू नका, अख्खा पाय घोट्यापासून काढून टाका म्हणजे निश्चिंत. कसल्या आवाजात बोललीस, माझ्या सासऱ्यासारखी.

मी असं बोलले नाही. परवा आम्ही जेवताना फक्त किमची खारट झाल्याचं बोललो. मला आठवतंय. मला नक्की आठवतंय —

मी तोंड उघडलं, सोलला चला म्हणायला. आणि बंद केलं. काय बाहेर येईल याची भीती वाटली. मावशी म्हणाल्या, जाऊ दे गं, तू शिकलेली, तू सांगितलंस म्हणजे काही विचार करूनच. सर्जनना मी सांगून आले, की योग्य वाटेल तेवढा कापा.

३ डिसेंबर, मंगळवार

मॅडमना गाठलं. दार लावून विचारलं, शुक्रवारी काय टाकलंत. जे कोणी कोणाला विचारायचं नाही, ते विचारलं.

पांढरी. नव्या कापांनंतर त्यांची शंका फिटली होती.

दोघी सरांकडे गेलो. त्यांनी खण उघडून एक पांढरी सोंगटी टेबलावर ठेवली. शुक्रवारपासून त्यांच्यापाशीच होती.

या विभागात आम्हा तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. आणि अहवालात मेलानोमा आहे.

मी म्हटलं, सर, फोन करा. त्यांनी सर्जन यॉमना लावला. मी शेजारी उभी होते. सर म्हणाले, त्या शिंपलीवाल्या बाईंबद्दल — मग थांबले. मग आपल्या नसलेल्या, स्वच्छ, भारदस्त आवाजात म्हणाले, अजिबात उशीर करू नका, सढळ हातानं कापा.

फोन ठेवून सर रडू लागले. मॅडम म्हणाल्या, मी लिहून देते. अहवालाची दुरुस्ती लिहायला बसल्या. चार कागद फाडले. चारही कागदांवर तोच शब्द.

४ डिसेंबर, बुधवार

मावशी दाखल झाल्या. जाताना हंडीवर झाकण ठेव म्हणाल्या, मांजर येतं.

मी डबा गुक सरांच्या खुर्चीपुढे ठेवला. शेजारी पेल्यात भाताची दारू ओतली. जमिनीला कपाळ लावून दोनदा नमस्कार केला. म्हटलं, माझं चुकलं. तुमची जागा घ्या. हवी तेवढी काळी टाका, आम्ही मोजू. फक्त आमच्या हातांतून —

थांबले. ऐकलं.

डब्यात आवाज नाही. पेल्यावर तरंग नाही. रबरं गार. खुर्ची रिकामी आहे. खरोखर रिकामी.

ते तिथे नाहीत.

सर्जननी निरोप पाठवला आहे. सही माझी, म्हणून चाकू लावण्याआधी ते मलाच फोन करतील. तोंडी एकदा खात्री करून घेतात, त्यांची रीत आहे. मी एक शब्द बोलले तरी थांबतील. एकच शब्द. साधा.

५ डिसेंबर, गुरुवार

मावशींना आत घेतलं. मॅडम दारात उभ्या. सर भिंतीकडे तोंड करून.

फोन समोर आहे.

स्लाइड पाहिली नाही आज. पाहणार नाही. मला आठवतंय काय दिसलं होतं. माझ्या डोळ्यांनी. एकोणतीस तारखेला. ते माझं —

साधा. साधा. साधा. हे मी लिहू शकते. हात माझा आहे अजून, या वहीपुरता —

त्यांना मावशी ठाऊक नाहीत. त्यांना ती बसवाली मुलगीच दिसते. प्रत्येक पायात तीच. मी त्यांना सांगितलं मनात, की ही ती नाही, सर, हिला जगायला पाय लागतो. बहुधा ऐकलं. बहुधा —

फोन वाजतोय.

मॅडम म्हणतायत उचल. आधी एकदा मोठ्यानं म्हणून बघते. एकदाच. नीट आलं की उचलते.

म्हटलं.

आवाज माझाच होता. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी काय ऐकलं, मी तर —

उचलते. फक्त साधा म्हणायचं. फक्त